तेवढं पाजळा, जावईबापू

मामी, तुमचा दगड मी उलटा ठेवला आणि तिथंच सापडलो.

आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, पण सापडलो कधी नाही. वारंगा फाट्यावर माझी ख्यातीच अशी की मी 'ऊन पडलंय' म्हणालो, तर लोक आधी बाहेर हात काढून बघायचे. आणि शेवटी सापडलो कशात, तर तुमच्या मोरीपाशी पडलेल्या हातभर लांबीच्या एका मुक्या दगडात.

आज तुम्हाला जाऊन नववा दिवस. उद्या दहावा. परवा सकाळी सुनंदा नांदेडला ड्युटीवर परत जाणार. मला सोबत नेणार, इथंच सोडणार की कायमचंच सोडणार, ते तिनं सांगितलेलं नाही, कारण चार दिवसांपासून तुमची लेक माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चहाचा कप समोर ठेवते. कप फरशीवर टेकल्याचा आवाज होतो, तेवढंच आमचं बोलणं. तुमच्या झोपायच्या जागेवर पिठात दिवा ठेवलाय. तो विझू नये म्हणून आम्ही दोघं आळीपाळीनं तेल घालतो, आणि तेल घालतानासुद्धा ती माझ्याकडे बघत नाही. म्हणून कागदावर तुमच्याशी बोलतोय. तुम्ही मधेमधे टोकायच्या, पण ऐकून घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी बाळापूरला तुमच्या दारात आलो तो आठ दिवसांसाठी. पंधरा वर्षं काळी-पिवळी जीप चालवून पाठीची वाट लागली होती. मी लोकांना सांगायचो, डॉक्टरनं माझा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, हा कोणत्या रस्त्याचा फोटो आहे? खरं एवढंच की गाडी बंद झाली. सुनंदा नांदेडला नर्स, आमच्या पोरीला घेऊन एका खोलीत राहणारी. त्या खोलीत मी दिवसभर बसून बसून भिंतीसारखी ओल धरायला लागलो. शेवटी ती म्हणाली, "आईकडं जाऊन या आठ दिवस. तिच्या खानावळीत चार माणसं भेटतील, गप्पा मारायला."

चार बाकांची तुमची खानावळ. भाकरी, वांगं, वरण, ठेचा. पहिले आठ दिवस तुम्ही मला पाटावरून उठू दिलं नाही. जावई म्हणजे जावई. पाणी हातात, ताट समोर, वर तुपाची वाटी. नवव्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यापुढे ताटाऐवजी कांद्याचं पोतं आणून ठेवलं.

"जावईबापू, पाहुणपण संपलं. कापा."

"मामी, लोकं काय म्हणतील? जावई सासुरवाडीत कांदे कापून राहिला!"

"लोकं जेवायला येऊन राहिले, तुमाला बघायला न्हाई. कापा."

मीही काही कच्चा नव्हतो. फाट्यावर एका टेम्पोवाल्याकडून सहा सुऱ्यांचा संच आणला होता, हिरव्या मुठींचा. जपानी आहे म्हणून सांगितलं तुम्हाला. तुम्ही त्यातली एक हातात घेतली, पात्यावर टिचकी मारली, कानाशी नेली आणि म्हणालात, "जपानातून पळून आलेली दिसते." तेव्हा मी हसलो. सुरी कानाशी काहून नेली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

पहिला कांदा मी कसा कापला ते तुम्ही मरेपर्यंत गिऱ्हाइकांना सांगत राहिलात, आणि मी जन्मभर थापा मारल्या असूनही ती गोष्ट माझ्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त चालली. लहानपणापासून आईला, मावशीला, सुनंदाला विळीवर चिरताना पाहिलेलं. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी पात्याकडे जाते. मीही तेच केलं. सुरी मुठीत आवळून उभी धरली, धार माझ्याकडे, आणि कांदा दोन्ही अंगठ्यांनी तिच्यावर ढकलला. रक्त असं उडालं की कयाधूचं पाणी तीन दिवस तांबडं वाहत होतं. बरं, एक चिंधी लागली. तुमच्या जुन्या लुगड्याची.

चिंधी बांधता बांधता तुम्ही म्हणालात, "सुरी म्हणजे विळी न्हाई, बापू. विळी बसून राहते, तुमच्यासारखी. सुरीला चालावं लागते."

मामी, हा टोमणा मला त्या सुरीपेक्षा खोल लागला. म्हणून तर मी थांबलो.

मग तुमची स्वतःची सुरी बाहेर आली. तिला मी ओळखलं नाही, पण ती माझ्याच घरची निघाली. माझ्या जीपचा मागचा कमानपाटा बाळापूरच्या अलीकडे मोडला होता, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. त्याचा तुकडा तुम्ही मागून घेतला होता आणि लोहाराकडून सुरी करून घेतली होती. ज्या पोलादानं बावीस माणसं, दोन बकऱ्या आणि एक रुसलेला नवरदेव एका खेपेत पेलला होता, ते आता तुमच्या वांग्यांना पेलत होतं. (बावीस माणसं खरी आहेत. बकरी एकच होती.) काळपट पातं, बाभळीची मूठ, आणि धार अशी की टोमॅटोवर नुसती ठेवली तर आपल्याच वजनानं आत जायची.

"ही कापायला देणार?" मी विचारलं.

"कापायला न्हाई. आधी पाजळायला शिका. ज्याला पाजळता येत न्हाई त्यानं कापू नये."

मोरीपाशी तुमचा तो दगड. कुरुंदाचा. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की कुरुंदा गावाचं नाव याच दगडावरून पडलं, आणि ते मान डोलवायचे. चाळीस वर्षं घासून घासून त्याला एका टोकाकडे खळगा पडलेला, बसक्या ताटलीसारखा. खळग्याचं टोक भिंतीकडे, सपाट टोक माणसाकडे. दगडावर पाणी शिंपडायचं. सुरी आडवी टेकवायची आणि पाठ जराशी उचलायची. किती? "खालून कांद्याची एक पात सरकंन एवढीच." सपाट टोकापासून खळग्याकडे न्यायची, तशीच परत आणायची. जोर लावायचा नाही. मी जोर लावला. ज्याच्या हातात पंधरा वर्षं गिअरचा दांडा होता त्याला जोर न लावणं म्हणजे श्वास न घेणं. तुम्ही लांबून, भाकरी थापता थापता, न बघता ओरडायच्या, "रगडू नका! आवाज रडून राहिला बघा."

आणि ती मिशी. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या काठावर पोलादाची बारीक मिशी फुटते, तुम्ही तिला मिशीच म्हणायच्या. "ती डोळ्याला दिसत न्हाई. अंगठ्याला कळते. आडवा फिरवा अंगठा, उभा न्हाई, न्हाई तर आणखी एक लुगडं फाडावं लागंन." मिशी लागली की बाजू बदलायची, मग हलक्या हातानं ती उतरवायची, शेवटी जुन्या चपलेच्या चामड्यावर चार हात. खरखर संपून सुरी सुसू बोलायला लागली की थांबायचं.

मला आठ महिने लागले. लोकांना मी आठ दिवस सांगितले.

या आठ महिन्यांत मी नुसतं ऐकून घेतलं असं नाही. मी सिद्धांत मांडले. सुरी उलटी घासली तर वेळ वाचेल, दगडाखाली जीपची ट्यूब ठेवली तर हादरे बसणार नाहीत, मोटारीला चाक बसवलं तर अख्ख्या बाळापूरच्या सुऱ्या एका दुपारी होतील. तुमचं उत्तर ठरलेलं. आपल्याकडे दिवा पाजळतात, विळा पाजळतात आणि शहाणा माणूस अक्कलही पाजळतो. तुम्ही तिन्हींचा हिशोब एका वाक्यात करायच्या, "अक्कल नका पाजळू जावईबापू, सुरी पाजळा."

आणि याच शब्दानं तुमचं गुपित फुटलं.

पोळा नुकताच झाला होता. दिवेलागणीची वेळ. गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या, मी मोरीपाशी हात धूत होतो. तुम्ही म्हणालात, "तेवढं पाजळा, जावईबापू." मी आज्ञाधारकासारखी सुरी उचलली, दगडावर पाणी शिंपडलं आणि सुरू केलं. खर्रर, खर्रर.

तुम्ही वैतागून म्हणालात, "आवो सुरी न्हाई, दिवा! अंधारून आलं की."

मामी, दिवा तुमच्यापुढे जळत होता. मीच लावला होता, पंधरा मिनिटांपूर्वी. तुमच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. त्याचा उजेड तुमच्या गालावर हलत होता.

माझ्यासारखा माणूस बोलला नाही, म्हणूनच तुम्हाला कळलं. तुम्ही हात हळूच पुढे केला, ज्योतीची ऊब बोटांना लागली, आणि तुम्ही तो मागे घेतला. मग म्हणालात, "सुनंदाला सांगू नका."

किती दिवसांपासून दिसत नव्हतं ते तुम्ही कधी नीट सांगितलंच नाही. "धुकं हाय," म्हणायच्या. "कोणाचा तरी आकार दिसते, तोंड न्हाई." मी म्हटलं, मामी, नांदेडला जाऊ, डॉक्टरला दाखवू, तुमची लेक नर्स आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच. ती मला उचलून नेईन. त्या खोलीत बसवीन, टीव्हीपुढं. दिसत न्हाई त्या बाईला टीव्हीपुढं बसवल्यावर ती काय करंन, सांगा."

"पण मी कसा लपवू? मी पडलो बोलका माणूस."

तेव्हा तुम्ही हसलात, आणि जे बोललात ते मला अजून टोचतं. "तुमच्यावर कोणाचा भरोसा न्हाई, बापू. खोटं बोलणाऱ्यापाशी खरं ठेवलं की ते कोणालाच सापडत न्हाई."

मग आपण दोघांनी जो संसार मांडला तो बाळापूरमध्ये कोणाला कळला नाही. खानावळीत प्रत्येक वस्तूची जागा ठरली. मीठ डावीकडे, तिखट त्याच्या मागे, सुरी दगडाच्या उजव्या अंगाला, मूठ तुमच्याकडे. सुरी हातोहात द्यायची नाही, खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. बायका म्हणतात, हातोहात दिली की भांडण लागतं. तुमचं कारण वेगळं होतं, ते मला एकट्याला ठाऊक होतं. आणि माझा हा भोंग्यासारखा आवाज पहिल्यांदा कुणाच्या कामाला आला. दारात माणूस दिसला की मी ओरडायचो, "या या, पुसेगावचे मास्तर! आज एकटेच? आणि हे काय, पाय का लंगडतोय?" तुम्ही आतून लगेच, "मास्तर, पायाला काय झालं हो?" मास्तर खूश, की बाईचं किती लक्ष आहे. लोक म्हणायचे, जावयाला तोंड आवरत नाही. आवरलं असतं तर तुम्ही पडल्या असत्या.

सगळ्यात कठीण रविवार. सुनंदा यायची. ती जीपमधून उतरली की मी दुप्पट आवाजात सुरू व्हायचो. एका रविवारी ती नवी साडी नेसून आली. मी ओरडलो, "अरे वा, निळी साडी! मामी, बघा लेक कशी निळीशार होऊन आली." तुम्ही तिच्याकडे तोंड करून म्हणालात, "निळा रंग शोभते तुला. लहानपणापासून शोभते." सुनंदाचा चेहरा असा फुलला की मी मान खाली घालून कांदे कापत बसलो. त्या दिवशी सुनंदा गेल्यावर मी तुमच्याशी भांडलो.

"मामी, हे पाप आहे."

"कोणतं?"

"साडीचं."

"साडी निळी व्हती ना?"

"व्हय."

"तिला शोभते ना?"

"व्हय, पण..."

"मंग खोटं काय बोलले मी?"

हे भांडण आपलं पुरं झालं नाही. दिवाळी झाली की सांगू, म्हणालात. दिवाळी झाली. संक्रांत झाली. प्रत्येक वेळी मी एकदा विचारायचो आणि तुम्ही म्हणायच्या, अक्कल नका पाजळू. खरं सांगू? मीही जोर लावला नाही. कारण तुम्ही नांदेडला गेल्यावर माझं काय? जो माणूस नुसता बसून ओल धरत होता, त्याला तुमच्या आंधळेपणानं हातात सुरी दिली होती. त्या आठ महिन्यांनी मला पुन्हा माणूस केलं. तुमचं नुकसान माझ्या फायद्याचं होतं, मामी. हे मी कोणालाच बोललो नाही, तुम्हालाही नाही. तुम्हाला कळलं होतं का?

आता तो दिवस. बाजाराचा दिवस, गर्दी तोबा. माझी पाठ दुखत होती, आणि मोरीपाशी अंधार. मला आता सुरीची चांगलीच घमेंड चढली होती, म्हणून मी ठरवलं की दगड मागच्या दारात नेऊ, उंबऱ्यापाशी, तिथं उजेडही आहे आणि टेकून बसायला चौकटही. पोत्यावर घालून ओढत नेला. फक्त दहा मिनिटांसाठी. तुम्हाला सांगावं हे माझ्या डोक्यात आलं होतं. आलं होतं, मामी. पण तेवढ्यात पुढून कोणी तरी ओरडलं, "भाकरी!" आणि मी गेलो.

भाकरी देऊन परत यायला एक मिनिट पुरे होतं. पण बाकावर तीन ट्रकवाले बसले होते, नवे, माझ्या गोष्टी न ऐकलेले. मी बावीस माणसांची गोष्ट सुरू केली. नवरदेव रुसून टपावर चढतो त्या जागेपर्यंत आलो होतो. आतून तुमच्या बांगड्यांचा आवाज आला, तुम्ही पेजेचं पातेलं घेऊन मागच्या दाराकडे चालल्या होत्या. तो आवाज मी ओळखला. मला कळलं. आणि तरी, मामी, मी वाक्य पुरं केलं. एक वाक्य. लोक हसले. त्या हसण्यातच पातेलं आपटल्याचा आवाज आला.

पळत गेलो. तुम्ही उंबऱ्याबाहेर आडव्या, दगड तुमच्या पायाशी. शेजारच्या रिक्षावाल्याला मी हाका मारल्या, तो कोणाची तरी जीप आणायला पळाला. त्या दोन मिनिटांत माणसानं काय करावं? डोकं मांडीवर घ्यावं. पाणी पाजावं. मी ते केलं. आणि मग मी तो दगड उचलला, ज्या पाठीनं पाण्याची बादली उचलवत नव्हती त्या पाठीनं, आणि मोरीपाशी नेऊन ठेवला. घाईत कोणतं टोक कुठे ते बघितलं नाही.

लोक जमले. "पेज सांडली, पाय घसरला," मी सांगितलं. आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप, आणि सगळ्यांनी ती एका दमात खरी मानली.

जीपमध्ये तुम्ही कण्हत होत्या. वारंगा फाटा मागे पडला तेव्हा तुम्ही माझा हात ओढून कान जवळ आणायला सांगितला.

"दगड जाग्यावर ठिवला का?"

"ठिवला, मामी."

"बरं झालं," म्हणालात.

ते 'बरं झालं' मी तीन आठवडे उलटंपालटं करून बघतोय. मला वाचवलंत? तुमचं गुपित वाचवलंत? की घरातली वस्तू जागेवर गेली एवढंच तुम्हाला बरं वाटलं, रोजच्यासारखं? दवाखान्यात विचारायची संधी होती. दोन आठवडे होत्या तुम्ही तिथं. मांडीचं हाड बसलं, पण छातीत कफ साठला तो उतरला नाही. सुनंदा रात्रंदिवस उशाशी. तुम्ही तिच्या हाताला ओळखायच्या, ती समजायची की औषधाच्या गुंगीमुळं आई डोळे मिटून घेते. मी पायाशी उभा. तोंड उघडलं की कोणती तरी गोष्टच बाहेर पडायची. एकदा तर तुम्ही हसलात. मी ती गोष्ट आता विसरलो, हसणं विसरलो नाही.

तुम्हाला घेऊन आलो. सगळं झालं. पाचव्या दिवशी सुनंदा मोरीपाशी बसली. शेजारणींच्या ताटांवर किती दिवस काढायचे म्हणून ती विळी घासून घेणार होती. तिनं दगडावर पाणी शिंपडलं, हात ठेवला आणि थांबली.

"आहो. हा दगड उलटा काहून हाय?"

मी म्हटलं, "उलटा म्हणजे?"

"खळगा भिंतीकडं असते. मी लहान व्हते तवापासून. आई पाजळायची, मी पाणी घालायची. आज खळगा माझ्याकडं हाय."

मी सुरू केलं. साफसफाईला बाई लावली होती, तिनं हलवला असेल. न्हाई, बरोबर, मांजर व्याली होती दगडामागे, ते काढायला आपणच... माझ्या तोंडातून थाप अशी सरसर निघायची, त्या दिवशी ती अडखळली. सुनंदानं तुमची सुरी उचलली आणि आमच्या दोघांच्या मधोमध खाली ठेवली.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "तुमी खरं बोलला तर मला कळंन. आयुष्यात कधी ऐकलं न्हाई, म्हणून कळंन."

मी सांगितलं. पोळ्यापासून. दिवा, पाजळा, धुकं, रविवार, उंबरा, नवरदेव टपावर. तुमचं 'बरं झालं' पण सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. मला वाटलं ती दगडावरून भडकेल. मी दगडासाठी तयार होतो. पण तिनं जे विचारलं ते दगडाबद्दल नव्हतंच.

"ती निळी साडी," ती म्हणाली, "आईला दिसली व्हती का?"

मामी, इथं थाप मारता आली असती. अंधुक रंग दिसायचा म्हणालो असतो. तिनं मानलंही असतं, तिला मानायचं होतं. तुमच्या लेकीचे डोळे मला तेच सांगत होते, की खोटं बोला.

"न्हाई," मी म्हणालो.

"मी नर्स हाय हो," ती एवढंच म्हणाली. कोणाला म्हणाली, कुणास ठाऊक. उठली, दगडाचं टोक फिरवून भिंतीकडे केलं, आणि विळी न पाजळताच आत गेली. तेव्हापासून चार दिवस.

मी तुमच्याकडे माफी मागत नाही, मामी. मागितली तर तुम्ही म्हणाल, माफी खाली ठेवा, मी उचलीन. फक्त एवढं सांगतो की त्या चार दिवसांत मी एकही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांत्वनाला आलेली माणसं घाबरली. पुसेगावचे मास्तर म्हणाले, "तब्येत बरी न्हाई का?" मी म्हटलं बरी आहे. त्यांनी बाहेर जाऊन बघितलं नाही.

हे इथवर लिहिलं आणि दिवेलागण झाली. उद्या दहाव्याला साठ माणसं जेवायची आहेत, अंगणात वांग्याची आणि कांद्याची पोती येऊन पडलीत. कोण चिरणार ते अजून ठरलेलं नाही. मी मोरीच्या बाजूला भिंतीला टेकून बसलो होतो. सुनंदा आतून आली. तिनं निळी साडी नेसली होती. आल्यापासून पहिल्यांदाच.

ती माझ्यासमोर खाली बसली. तुमची सुरी तिनं दगडाच्या उजव्या अंगाला ठेवली, मूठ माझ्याकडे करून. लोट्यातलं थोडं पाणी दगडावर सांडलं. पाणी खळग्याकडे वाहत गेलं.

"तेवढं पाजळा," ती म्हणाली.

मी तुमच्या कोपऱ्याकडे बघितलं. दिवा जळत होता.